टायर घेताना बायकांनीही दुकानात जावं

मैत्रिणींनो, कुकर घ्यायचा असला तर आपण चार दुकानं फिरतो. रिंग बघतो, शिट्टी बघतो, आयएसआयचा शिक्का बघतो, हँडल हलवून बघतो आणि वर पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो. साडीचा पोत हातात घेतल्याशिवाय पैसे सोडत नाही. पण घरातल्या गाडीला टायर घ्यायचे म्हटलं की आपण एकदम गप्प! ‘ते पुरुषांचं काम, आपल्याला काय कळतंय त्यातलं,’ असं म्हणून पंधरा-वीस हजारांचा व्यवहार डोळे झाकून सोडून देतो. बरं, त्या गाडीत बसतं कोण? आपण, आपली लेकरं, दवाखान्यात न्यायच्या सासूबाई आणि बाळंतपणाला माहेरी आणायची लेक.

आपल्या बीड जिल्ह्यात तर हे जास्तच लागू आहे. परळीला रेल्वे फार पूर्वीपासून, पण बीड शहराला प्रवासी गाडी मिळाली ती १७ सप्टेंबर २०२५ ला. गेवराई, माजलगाव, केज, धारूर, पाटोदा इकडच्या माणसाला आजही रस्ताच खरा. अंबाजोगाईचं सरकारी रुग्णालय असो, संभाजीनगरची घाटी असो की पुण्याला शिकणाऱ्या पोराची खोली असो, सगळी धाव चार चाकांवर. आणि त्या धावेत गाडी जमिनीला टेकते ती फक्त चार ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी साधारण आपल्या तळहाताएवढी. ब्रेक कितीही चांगला असला तरी शेवटी गाडी थांबवतो तो हा तळहात.

दिवाळीनंतर आमच्या गाडीचे टायर बदलायची वेळ आली, तेव्हा घरात तीन मतं पडली. दीर म्हणाले, “वहिनी, घ्यायचं तर भारीतलंच घ्या. जिवाशी खेळ नको.” सासरे म्हणाले, “टायर काळं अन् गोल असतंय. त्यात भारी काय अन् हलकं काय? जे स्वस्त पडंल ते आणा.” आमच्या ह्यांचं मत म्हणजे दुकानदार सांगेल ते. मी म्हटलं, “अहो, मीही येते दुकानात.” सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कुस्तीच्या फडात उतरते म्हणाले!

दुकानदारांनी दोन टायर समोर ठेवले. एक ३,९०० रुपयांचा, दुसरा ५,६०० रुपयांचा. माप एकच, दोन्ही काळे, दोन्ही गोल. सासऱ्यांचं म्हणणं खोटं नव्हतं! फरक एका टायरमागे १,७०० रुपये, म्हणजे चारांचे ६,८०० रुपये. मध्यमवर्गीय घरात ६,८०० रुपये म्हणजे धाकटीच्या शिकवणीची फी किंवा सासूबाईंची काही महिन्यांची औषधं. उगाच नावापायी घालवायची ही रक्कम नव्हे, आणि नुसत्या चिक्कूपणापायी वाचवायचीही नव्हे. म्हणून मी विचारलं, “दादा, हे सतराशे रुपये नेमके कशाचे?” तिथून पुढं जे कळत गेलं, ते तुमच्यासमोर मांडते.

पहिली गोष्ट म्हणजे टायरला दोन वेगवेगळी कामं असतात. एक टिकणं आणि दुसरं रस्त्याला धरून राहणं. चपलेचा कडक तळ वर्षानुवर्षं झिजत नाही, पण ओल्या फरशीवर पाय सटकतो. मऊ तळ फरशीला धरून राहतो, पण लवकर झिजतो. टायरचंही तसंच. स्वस्त टायर काही वेळा कडक रबराचा असतो. तो भरपूर चालतो, पण पावसात ब्रेक मारल्यावर जरा पुढं जाऊन थांबतो. उलट काही भारी टायर आवाज कमी करतात, ओल्यात घट्ट धरतात, पण किलोमीटर कमी देतात. चांगल्या कंपनीच्या वरच्या टायरमध्ये सिलिका वगैरे घालून ही दोन्ही कामं एकत्र साधायचा प्रयत्न असतो. त्याचेच आपण जास्त पैसे मोजतो. म्हणून “चांगला टायर दाखवा” असं म्हणून भागत नाही. “जास्त चालणारा की ओल्यात धरणारा?” असं विचारावं लागतं.

आता तुम्ही म्हणाल, आपला जिल्हा दुष्काळी, इथं पाऊस किती पडतो? मलाही तसंच वाटायचं. पण पाऊस वर्षभर थोडा-थोडा पडत नाही, मोजक्या दिवसांत कोसळतो. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात काय झालं ते आपण डोळ्यांनी पाहिलं. आणि सगळ्यात निसरडा असतो तो मृगाचा पहिला पाऊस. उन्हाळाभर साचलेली धूळ, ट्रकचं सांडलेलं तेल आणि वर पाण्याचा एक पातळ थर. त्यात शेतातून ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर आलेली काळी माती. पाय ठेवला तरी घसरतो, तिथं गाडीचं काय! ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढं जाते. आपल्या साध्या छोट्या गाडीची लांबी चार मीटरच्या आतच असते. म्हणजे ओल्या रस्त्यावर चांगला टायर चारच मीटर आधी थांबला, तरी तो एक अख्खी गाडी वाचवतो. समोर उसाची ट्रॉली उभी असेल, तर त्या चार मीटरची किंमत कुठल्याही दुकानात लिहिलेली नसते.

दुसरा शत्रू ऊन. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, डांबर तर त्याहून तापतं. काही वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. ऊसतोडीहून परतलेल्या एका गरोदर मुलीला आमच्या मंडळातल्या आम्ही दोघी भाड्याच्या जीपने अंबाजोगाईला नेत होतो. मे महिना, दुपारची वेळ, गाडीत माणसं जास्त. मांजरसुंबा मागे टाकलं, नेकनूर गेलं आणि केजच्या अलीकडे मागचा टायर मोठ्ठा आवाज करून फुटला. चालकाने गाडी कशीबशी सावरली. स्टेपनी काढली तर तिच्यात हवाच नाही! रस्त्याच्या कडेला बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत ती पोर कळा देत बसली आणि आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना हात करत होतो. अर्ध्या तासाने एका दुधाच्या टेम्पोवाल्या भल्या माणसाने आम्हाला घेतलं. देवाच्या दयेने सगळं नीट झालं. ती लेक आता तिसरीत शिकते. पण तो फुटलेला टायर मी नीट पाहून ठेवला होता. वरून तो बरा दिसत होता, खाचाही होत्या. मात्र कडेच्या रबरावर सगळीकडे बारीक चिरा पडलेल्या, वाळलेल्या तळ्याच्या मातीसारख्या.

असं का होतं, ते कुकरच्या रिंगवरून समजून घ्या. नवी रिंग मऊ, लवचीक. तीच रिंग दोन-तीन वर्षं कपाटात नुसती पडून राहिली तरी कडक होते, वाकवली की चिरते. टायरही रबरच. तो चालला नाही तरी म्हातारा होतो, आणि आपल्या उन्हात तर लवकरच. त्यात हवा कमी आणि माणसं जास्त असली की टायरची कड सारखी दुमडते, आतल्या आत तापते आणि मग फुटते. उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा कमी ठेवायची, असा समज आपल्याकडे खूप आहे. तो अगदी उलटा आहे. कमी हवेनेच टायर जास्त तापतो. हवा किती ठेवायची, ते चालकाच्या दाराच्या चौकटीजवळ चिकटवलेल्या कागदावर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. सकाळी, गाडी चालवायच्या आधी, टायर थंड असताना ती तपासायची. महिन्यातून दोनदा. आणि स्टेपनी विसरायची नाही!

समृद्धी महामार्गाचं उदाहरण घ्या. नागपूर ते शिर्डीचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला सगळा ७०१ किलोमीटरचा रस्ता खुला झाला. आपल्याकडची माणसं जालन्याहून किंवा संभाजीनगरहून त्यावर चढतात. मोटारींना तिथं ताशी १२० किलोमीटरची मुभा. सिमेंटचा सरळ रस्ता, तासन् तास एकच वेग आणि वरून ऊन, यात झिजलेला किंवा जुना टायर तग धरत नाही. टायर फुटून अपघात होऊ लागले, तेव्हा २०२३ मध्ये परिवहन खात्याला तिथं टायर तपासून झिजलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवाव्या लागल्या. गावातल्या गावात चालणारा टायर लांबच्या रस्त्यावर चालेलच असं नाही, हे त्यातून शिकण्यासारखं.

आता तो ‘ऑल सीझन’ शब्द. दुकानदार म्हणाले, “ताई, हा ऑल सीझन आहे, म्हणून जरा महाग.” माझी एक भाची जर्मनीत असते. तिच्याकडून मला ठाऊक होतं की तिथं बर्फ पडतो, थंडीत साध्या टायरचं रबर कडक होतं, म्हणून तिथं उन्हाळ्याचे वेगळे आणि हिवाळ्याचे वेगळे टायर असतात. रस्त्यावर बर्फ असताना हिवाळी टायर लावणं तिथं कायद्याने बंधनकारक आहे. दोन-दोन जोड नकोत म्हणून काही जण बाराही महिने चालणारा टायर घेतात, त्यावर डोंगर आणि बर्फाच्या फुलाचं चित्र असतं. आपल्याला बर्फ कुठला? आपले ऋतू म्हणजे ऊन, पाऊस आणि पहाटेची थोडी हुडहुडी. आपल्याकडे मिळणारा नेहमीचा चांगला टायर हे तिन्ही ऋतू सांभाळण्यासाठीच बनवलेला असतो. म्हणून निव्वळ त्या शब्दासाठी जादा पैसे देण्यात अर्थ नाही. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं व्हायला नको. पैसे द्यायचेच तर ओल्या रस्त्यावरच्या पकडीसाठी द्यावेत.

मग ओळखायचं कसं? टायरच्या अंगावर सगळं लिहिलेलं असतं. अक्षरं इंग्रजी आहेत, पण आपली दहावीतली पोरं पटकन वाचतील. आमच्या टायरवर ‘१६५/८० आर १४’ असं होतं. १६५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ८० म्हणजे रुंदीच्या ८० टक्के त्याची उंची, ‘आर’ म्हणजे रेडियल आणि १४ म्हणजे आतल्या चाकाचा व्यास इंचांत. पुढं ‘८५ टी’. ८५ म्हणजे एका टायरने ५१५ किलोपर्यंत वजन पेलावं आणि ‘टी’ म्हणजे वेगाची मर्यादा ताशी १९० किलोमीटर. हे आकडे गाडीच्या पुस्तकाशी जुळलेच पाहिजेत. “हे माप नाही, पण हेही बसतंय,” असं कुणी म्हणालं तर सरळ उठून यायचं.

त्यानंतर बघायचा आयएसआयचा शिक्का, कुकरवर बघतो तसाच. आणि मग सगळ्यात महत्त्वाचा चार आकड्यांचा जन्मदाखला. ‘डीओटी’ या अक्षरांच्या रांगेत शेवटी लंबगोल चौकटीत तो असतो. ‘२३२५’ असेल तर २०२५ सालचा तेविसावा आठवडा, म्हणजे जूनमध्ये तयार झालेला माल. आम्हाला दाखवलेल्या भारी टायरवर होता ‘१४२२’. म्हणजे २०२२ च्या एप्रिलमधला! साडेतीन वर्षं दुकानात पडून असलेला टायर ‘नवा’ म्हणून ५,६०० रुपयांना. स्वस्तातला मात्र चारच महिन्यांपूर्वीचा होता. मी बोट ठेवून विचारलं, तेव्हा दुकानदार हसले आणि म्हणाले, “ताई, हे बघणाऱ्या तुम्ही पहिल्याच.” मग त्यांनी ताजा माल मागवून द्यायचं कबूल केलं.

आता हिशेब. आमची गाडी वर्षाला जेमतेम ७,००० किलोमीटर चालते. स्वस्तातला टायर साधारण ४०,००० किलोमीटर चालेल असं दुकानदार म्हणाले आणि भारीतला ५०,००० च्या पुढं. पण आम्हाला ४०,००० व्हायलाच जवळपास सहा वर्षं लागतील, आणि सहाव्या वर्षी टायर बदलायचेच, असं आपल्या उन्हाकडे बघून आम्ही ठरवलेलं. मग ते वरचे दहा हजार किलोमीटर आमच्या काय कामाचे? म्हणजे ‘भारीतला जास्त चालतो’ हे कारण आमच्यासाठी बाद. उरलं एकच कारण, पावसातली पकड. ६,८०० रुपये सहा वर्षांत वाटले तर महिन्याला पंच्याण्णव रुपयांच्या आसपास पडतात. त्यावर आम्ही विचार केला आणि त्याच कंपनीचा ओल्यात धरणारा, पण बिनआवाजाचे वगैरे लाड नसलेला मधल्या किमतीचा टायर घेतला, ४,६०० रुपयांना. चारांचे १८,४०० झाले. अलाइनमेंट आणि बॅलन्सिंगचे पैसे त्यातूनच वाचलेल्या रकमेतून निघाले.

पण आमच्या गल्लीतल्या मावशींच्या मुलाचा हिशेब निराळा. तो काळीपिवळी चालवतो. त्याचे ४०,००० किलोमीटर दीड वर्षात होतात. त्याच्या टायरला म्हातारं व्हायला वेळच मिळत नाही. त्याला जास्त चालणारा, वजन पेलणारा आणि डिझेल कमी खाणारा टायर परवडतो, थोडा महाग असला तरी. आणि जिची गाडी फक्त बाजार, शाळा आणि मंदिरापुरती, गावाच्या वेशीबाहेर क्वचितच जाते, तिने आयएसआयचा, ताज्या तारखेचा स्वस्त टायर घेतला तरी मनात काही किंतु ठेवू नये. आता स्वस्त टायरनाही ओल्या रस्त्यावरच्या पकडीची किमान परीक्षा पास व्हावीच लागते. केंद्र सरकारने २०२२ मध्ये तसा नियम केला आहे. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. म्हणजे पूर्वी ५,००० ला मिळणाऱ्या टायरमागे साधारण ३९० रुपये वाचायला हवेत. बिल घ्या, त्यावर कर किती लावलाय ते बघा. पक्कं बिल असेल तरच पुढं कंपनीकडे तक्रार करता येते.

जिथं काटकसर करायचीच नाही, तेही सांगते. दुसऱ्याच्या गाडीवरून उतरवलेले जुने टायर, आणि झिजलेल्या टायरवर पुन्हा खाचा कोरून ‘नव्यासारखा’ केलेला माल. निम्म्या किमतीत मिळतात, दिसायलाही बरे असतात. पण खाच कोरली म्हणजे तिथलं रबर आणखी पातळ झालं. तो स्वस्त टायर नव्हे, ती फसवणूक. खिशात दोनच टायरचे पैसे असतील तर दोनच नवे घ्या, पण ते मागच्या चाकांना लावा. आपल्याकडे नवे टायर पुढं लावायची पद्धत आहे. पण ओल्यात मागची चाकं सटकली की गाडी गर्रकन फिरते आणि सावरत नाही, म्हणून जास्त पकड मागे हवी.

झीज मोजायला दुकानात जायचीही गरज नाही. काडेपेटीची काडी टायरच्या खाचेत उभी घाला, नखाने खूण करा आणि मुलांच्या कंपासपेटीतल्या पट्टीवर मोजा. नव्या टायरची खाच सात-आठ मिलिमीटर असते. १.६ मिलिमीटरच्या खाली गेली तर कायद्यानेच तो टायर बाद. खाचेच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की समजायचं, संपला. माझं म्हणणं असं, की तिथवर वाट बघू नये. तीन मिलिमीटरवर आला आणि मृग तोंडावर असेल तर बदलून टाकावा. कारण खाच उथळ झाली की पाणी बाजूला जात नाही आणि गाडी पाण्यावर तरंगते. पाच वर्षं झाल्यावर दरवर्षी एकदा जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावा, आणि दहा वर्षांनंतर तर खाच कितीही खोल असली तरी नकोच, असं टायर कंपन्याही सांगतात.

आमच्या बचत गटाच्या बैठकीनंतर परवा आम्ही सगळ्या अंगणात उभ्या असलेल्या तीन गाड्यांभोवती जमलो आणि तारखा वाचल्या. एका गाडीच्या स्टेपनीचा जन्म निघाला २०१३ चा! ती गाडी दुसऱ्या दिवशी तुळजापूरला निघाली होती. वहिनींनी घरी जाऊन सांगितलं, “आधी स्टेपनी, मग देवी.” घरच्यांनी कुरकुर केली, पण बदलली.

तुम्हीही एवढं करून पाहा. आज संध्याकाळी दारातल्या गाडीजवळ जा, ते चार आकडे वाचा, वहीत लिहून ठेवा, स्टेपनीचेसुद्धा. गाडी स्वतःची नसेल, भाड्याने केली असेल, तरी निघण्याआधी चालकाला विचारा, “भाऊ, टायर कधीचा? स्टेपनीत हवा आहे का?” तो जरा चकित होईल, होऊ द्या. पुढच्या बाईने विचारलं की त्याला सवय झालेली असेल.